घडणावळ

भांडी बाजारात आमचा हिशेब सोपा होता :
तांब्याचं वजन, अधिक घडणावळ, वजा मोड.
हंडा जड, तर गिऱ्हाईक खूश.
आता अंबडच्या शेडमध्ये मी लिफ्टच्या केबिन विकते
आणि जड हा शब्द
हळू आवाजात उच्चारते.

कारण इथला किलो एकदा मोजून संपत नाही.
तो रोज दोनशे वेळा वर जातो, खाली येतो,
दोराला जाणवतो, ब्रेकला जाणवतो,
मागे टांगलेल्या वजनालाही तेवढंच वाढावं लागतं.
फरशीला ग्रॅनाइट मागणाऱ्यांना
मी आधी पाणी देते,
मग आकडा.

म्हसरूळच्या सोसायटीचे गायधनी
लाल पेन घेऊनच आले.
बिल्डरनं डक्ट ठेवली होती, लिफ्ट नाही,
सोळा वर्षं तळाशी सायकली आणि एक मोडका कूलर.
"तीनशे चार स्टील कशाला? पत्र्याला पावडर कोटिंग मारा."
आरसा खोडला.
छतातले दिवे सहाचे दोन.
हँडरेल? पाच मजल्यांत कोण पडतंय. खोडला.
समोरच्या पॅनलला तेवढं हेअरलाइन फिनिश राहिलं.
म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
स्टीलवर मुद्दाम ओढलेले बारीक ओरखडे,
म्हणजे पुढचे दिसत नाहीत.
"ओरखड्यांचे पैसे घेता?"
हो. चौरस फुटावर.

दाराच्या सेन्सरला मात्र मी हात लावू दिला नाही,
ना केबिन जिच्यात बसते त्या लोखंडी चौकटीला.
"ती कुठे दिसणार आहे कुणाला?"
नाहीच दिसणार, म्हटलं,
आणि चहा सांगितला.

पाचव्या मजल्यावरच्या दुसानेबाई
तोवर कॅटलॉगही उघडून बघत नव्हत्या.
"आतून माप किती?"
अकराशे बाय तेराशे.
"तसं नाही. खडू आहे?"

इरफाननं जमिनीवर चौकोन आखला,
ग्राइंडरची काळी भुकटी पायानं सारून.
बाईंनी चपला रेषेबाहेर काढल्या,
पदर खोचला
आणि आत आडव्या झाल्या.
पावलं बाहेर. वर वीतभर पायही बाहेर.
मग कोपऱ्यातून कोपऱ्यात.
तशा मावल्या.
"हे माझ्याहून चार बोटं उंच होते,"
त्या शेडच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या.
"प्लास्टिकच्या खुर्चीला बांधून उतरवलं.
दर वळणावर खुर्ची तिरकी करायची,
दर वळणावर मी म्हणायचे, सांभाळून.
शुद्धीवर होते हो."

शेजारच्या कारखान्यातला प्रेस
तेवढा ठोकत राहिला.

डक्ट वाढत नाही.
जागा काढायची तर आतूनच, बोटाबोटानं :
मागच्या भिंतीचं लाकडी अस्तर काढलं,
त्यावरचं दगडी छापाचं लॅमिनेट गेलं,
उघडा पत्रा, मागून पट्ट्या, कंस बदलले.
दोन इंच निघाले.
हँडरेल परत लिहिला, दुमडणारा.
तरी कोटेशन एकवीसशेनं उतरलं.
गायधनी खूश : "बघा, घासाघीस केली की होतं."
मी सही घेतली.
बाई अंगावरची भुकटी झटकत होत्या.

संध्याकाळी आप्पा आले.
सत्तावन्न वर्षं तांबं ठोकून कान गेलेले,
फोनवर माझा आवाज ओळखत नाहीत.
उभ्या केलेल्या पॅनलवर बोटाचं पेर वाजवलं.
"काय म्हणून दिलाय?"
अठरा गेज.
"वीस आहे."
मापलं. वीसच होता.
शिव्या द्यायला मी सप्लायरचा नंबर शोधू लागले.

आणि हा खडू कसला, त्यांनी विचारलं.
मोठ्यानं सगळं सांगितलं.
"दोन इंचांचे किती लावलेस?"
काही नाही.
"घडणावळसुद्धा नाही?"
त्याचा रकाना नाही आप्पा कोटेशनमध्ये.

ते थोडा वेळ उभे राहिले.
मग चौकोन न ओलांडता,
भिंतीच्या कडेकडेनं, वेल्डिंग मशीनची वायर चुकवत,
लांबचा वळसा घालून
चहाला गेले.